बाराच भाग, आणि म्हणे नंबर वन?

मागच्या अंकात याच सदरात मी लिहिलं होतं की ब्रिटिश टीव्हीवरची आजवरची सगळ्यात चांगली कॉमेडी म्हणजे ‘फॉल्टी टॉवर्स’. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. काहींनी शाबासकी दिलीय, बऱ्याच जणांनी फैलावर घेतलंय. भांडणारी पत्रंच जास्त दमदार आहेत, म्हणून तीच आधी घेते.

प्रश्न (कोथरूड, पुणे) : ताई, बारा भागांची सिरीयल नंबर वन कशी काय? ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ १९८१ ला सुरू झाली ती अधूनमधून २००३ पर्यंत येत राहिली, ख्रिसमसला अख्खा देश टीव्हीपुढे बसायचा. बीबीसीने २००४ मध्ये लोकांचं मत घेतलं त्यात तीच पहिली, तुमची फॉल्टी पाचवी. मग तुम्ही कशाच्या जोरावर बोलताय?

मतदानाचं तुमचं बरोबर आहे. पहिली ओन्ली फूल्स, दुसरी ‘ब्लॅकॲडर’, मग ‘व्हिकर ऑफ डिब्ली’, ‘डॅड्स आर्मी’ आणि पाचवी फॉल्टी. पण त्याच्या चार वर्षं आधी, २००० साली, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने टीव्ही क्षेत्रातल्या लोकांना विचारून शंभर कार्यक्रमांची यादी केली होती, नुसत्या कॉमेडीची नाही, सगळ्याच ब्रिटिश टीव्हीची, बातम्या-नाटकं-डॉक्युमेंटरी सगळं धरून, आणि त्यात पहिला नंबर फॉल्टी टॉवर्सचा होता. म्हणजे घरी बसून बघणाऱ्याचा जीव एकीवर आणि ज्याला स्वतः असली गोष्ट उभी करायची असते त्याचं मत दुसरीवर. मी दुसऱ्या बाजूची आहे.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचं गाव, तिथलं एक मध्यम हॉटेल, मालक बेसिल फॉल्टी, त्याची बायको सिबिल, बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल आणि पॉली नावाची कामाला असलेली मुलगी. बेसिलला गिऱ्हाईकं नकोच असतात, त्याला हवे असतात लॉर्ड आणि सर, बाकीच्यांवर तो खेकसतो. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या नवरा-बायकोने मिळून लिहिली, पहिले सहा भाग १९७५ ला आले आणि पुढचे सहा १९७९ ला, तोवर त्यांचा घटस्फोटही झाला होता तरी लिहायला एकत्र बसले. मूळ सुचलं ते खऱ्या हॉटेलवरून. १९७० मध्ये माँटी पायथनची मंडळी (क्लीज ज्यात होता तो विनोदी कार्यक्रम करणारा गट) शूटिंगसाठी टॉर्कीत उतरली होती, तिथल्या मालकाने एकाच्या जेवायच्या पद्धतीवरून त्याला टोकलं, दुसऱ्याची बॅग बाँब असेल म्हणून उचलून बाहेर नेऊन ठेवली (आत गजराचं घड्याळ होतं), बाकीचे वैतागून दुसऱ्या हॉटेलात गेले आणि क्लीज मात्र तिथेच राहिला, मालकाला बघत. आणि गंमत अशी की स्क्रिप्ट बीबीसीकडे गेली तेव्हा १९७४ मध्ये तिथल्या एका स्क्रिप्ट एडिटरने लेखी शेरा मारला होता की सगळी छापील पात्रं आहेत, यातून फज्जाशिवाय दुसरं काही निघेल असं वाटत नाही.

आता बांधणी बघा, कारण माझं सगळं म्हणणं तिथे आहे. १९७९ च्या सीझनचा पहिला भाग घ्या. मिसेस रिचर्ड्स म्हणून एक बहिऱ्या बाई येतात, कानाला मशीन आहे पण बॅटरी संपेल म्हणून चालू करत नाहीत. खोलीतून समुद्र नीट दिसत नाही अशी तक्रार करतात, तर बेसिल म्हणतो टॉर्कीच्या हॉटेलच्या खिडकीतून तुम्हाला काय दिसायला हवं होतं, सिडनीचं ऑपेरा हाऊस? एवढ्यावर कोणीही भाग काढला असता. पण त्याच वेळी बेसिलने बायकोपासून लपून घोड्यावर पैसे लावलेत आणि ७५ पौंड जिंकलाय, मॅन्युएलला सांगून ठेवलंय की तुला यातलं काही माहीत नाही, आणि पैसे लपवायला दिलेत म्हाताऱ्या विसरभोळ्या मेजरकडे. इकडे मिसेस रिचर्ड्सचे ८५ पौंड हरवतात. आता तुम्हीच जुळवा. मेजरला हातातले पैसे कुठून आले ते आठवत नाही, तो ‘सापडले’ म्हणून देऊन टाकतो, ते बाईंचे समजून बाईंना मिळतात, मॅन्युएलला खरं बोल म्हणावं तर तो पढवल्याप्रमाणे ‘मला काही माहीत नाही’ हेच इमानाने म्हणत राहतो, आणि शेवटी बाईंचे खरे पैसे दुकानात विसरलेले परत येतात तेव्हा बेसिल आयुष्यात पहिल्यांदा दहा पौंडांनी फायद्यात असतो, आणि तेवढ्यात मेजरला सिबिलसमोर सगळं आठवतं, बेसिलच्या हातातली बाईंची फुलदाणी खाली पडून फुटते, जिंकलेलं सगळं भरपाईत. अर्ध्या तासात एकही वाक्य फुकट नाही. बॅटरीचा विनोद, मॅन्युएलचं इंग्रजी, मेजरचं विसरणं, सुरुवातीला नुसते हसायचे म्हणून आलेले सगळे तुकडे शेवटी बेसिलच्या मानगुटीवर बसतात.

आपल्या नाटकवाल्यांना हे गणित नवीन नाही. आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ वरून ‘मोरूची मावशी’ केलं तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला फार्सची ही चव आहे, एक थाप लपवायला दुसरी, दार उघडलं की नेमका नको तो माणूस. क्लीज-बूथने ते तंत्र टीव्हीच्या तीस मिनिटांत बसवलं, आणि असं लिखाण वर्षाला वीस-वीस भाग होऊच शकत नाही. बारा भाग आहेत म्हणून कमी असं तुम्ही म्हणताय, मी म्हणते बाराच्या बारा असे आहेत म्हणूनच जास्त.

ओन्ली फूल्सला मी कमी लेखत नाही हं. जॉन सलिव्हनने लंडनच्या पेकम भागातले ते ट्रॉटर भाऊ, डेल बॉय आणि रॉडनी, असे लिहिलेत की त्यांची काळजी वाटते, बेसिलची कधी वाटत नाही. बारच्या काउंटरची फळी उचललेली आहे हे न बघता डेल रुबाबात टेकायला जातो आणि ताठच्या ताठ आडवा होतो, तो १९८९ चा सीन मी कितीही वेळा बघू शकते, त्यात मजा पडण्याची नाही, पडायच्या आधीच्या तोऱ्याची आहे, बाजूच्या पोरींवर छाप पाडायला निघालेला असतो ना तो. पण १९९६ च्या ख्रिसमसला दोघे भाऊ शेवटी लखपती होतात, दोन कोटी चाळीस लाखांहून जास्त लोकांनी तो भाग बघितला, तिथे संपवायला हवी होती. २००१ ला परत आणली, पैसे बुडाले असं दाखवलं, आणि तिचे कट्टर चाहतेसुद्धा ते शेवटचे तीन भाग मोजत नाहीत. क्लीज-बूथ बाराव्या भागाला थांबले. कुठे थांबायचं हे कळणं हा पण लेखनाचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : आमचे आजोबा सांगायचे की विलायतेत आपल्या देवळालीवर विनोदी मालिका निघाली होती. खरं का हे? आणि असेल तर ती कुठे दाखवत का नाहीत? तिच्याबद्दल एक गट म्हणतो जबरदस्त, दुसरा म्हणतो लाजिरवाणी. आम्ही देवळालीकरांनी काय समजायचं?

अगदी खरं. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, बीबीसीवर १९७४ ते १९८१, आठ सीझन, छप्पन भाग. काळ १९४५ चा, युद्ध संपत आलंय, आणि देवळालीच्या छावणीत ब्रिटिश तोफखान्याची एक करमणूक पार्टी आहे, म्हणजे सैनिकांसमोर गाणी-नाच-नकला करणारी फौजेतलीच मुलं. त्यांना एवढंच हवंय की स्टेजवर बायकांचे झगे घालून नाचावं पण ब्रह्मदेशच्या आघाडीवर जायची पाळी येऊ नये, आणि त्यांचा सार्जंट मेजर विल्यम्स, विंडसर डेव्हिसने काय केलाय तो, त्याला यांना ओढत आघाडीवर न्यायचंय. लिहिणारे जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट, ज्यांनी डॅड्स आर्मी लिहिली तेच. पेरी स्वतः तरुणपणी देवळालीत अशाच पार्टीत होता, आणि क्रॉफ्टकडे पुण्यात सैन्याच्या करमणुकीचं काम होतं. त्यामुळे छावणीतला कंटाळा, घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघणं, ऑफिसरांचा बावळटपणा हे सगळं आतल्या माणसाचं लिखाण आहे, ते वाचून-ऐकून येत नाही. शूटिंग मात्र सगळं इंग्लंडमध्येच, तेव्हा आपला कॅम्प, आपलं स्टेशन ओळखू येईल म्हणून बघायला बसू नका, आणि मराठीही ऐकू येईल असं नाही, नोकर मंडळींच्या तोंडी हिंदी-उर्दूच आहे.

वाद कशावरून, तर रंगी रामवरून. ऑफिसरांचा हा हिंदुस्थानी बेअरर, म्हणजे दिमतीचा नोकर, उठसूट ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणणारा. भूमिका मायकेल बेट्सची. हा गोरा नट, जन्म झाशीचा, भाषा त्याला येत होती, पण चेहरा तपकिरी रंगवून उभा. चाहते म्हणतात की सगळ्यांत हुशार पात्र तोच आहे, साहेब लोकांना तोच खेळवतो, प्रेक्षकांशी थेट बोलण्याचा मानही त्यालाच. हे खोटं नाही, भाग बघितले की कळतं. लेखकांचं म्हणणं असं होतं की तेव्हा इंग्लंडमध्ये एवढी मोठी विनोदी भूमिका पेलणारा भारतीय नट मिळत नव्हता. इथे मात्र मला राग येतो. सईद जाफरी तेव्हा लंडनमध्येच होते. आणि लांब कशाला जायचं, त्याच सेटवर चायवाला मुहम्मद झालेला डिनो शफीक होता, दोन सीनच्या मधे इंग्रजी गाणी गायचा, दोन ओळींत हशा घ्यायचा. तो चहाची किटली घेऊन शेजारी उभा, आणि मोठी भूमिका रंग लावलेल्याला. बेट्स १९७८ मध्ये वारला तर त्याच्या जागी कोणाला घेतलंच नाही, त्याच्याशिवायच मालिका पुढे चालवली. शिवाय नाजूक वागणाऱ्या मुलांना सार्जंट मेजर ज्या शब्दांत हिणवतो ते आज कानाला टोचतं. बीबीसी अनेक वर्षं ती परत लावत नाही, डीव्हीडी मात्र निघाल्यात.

तुम्ही काय समजायचं ते सांगते. कोणती कॉमेडी चांगली हे बघताना मी एकच गोष्ट विचारते, हसू कोणावर आहे? सार्जंट मेजर विल्यम्सवर हसू आहे तेव्हा ती मालिका उत्तम आहे, कारण तो साम्राज्याच्या घमेंडीत छाती काढून उभा आहे आणि त्याच्या पायाखालचं साम्राज्यच निघून चाललंय, हे त्याला सोडून सगळ्यांना दिसतंय. रंगी रामच्या तोंडातून ‘आम्ही ब्रिटिश’ येतं तेव्हा लेखकाला हसायचंय इंग्रजांवर, पण रंगवलेल्या चेहऱ्यामुळे हसू त्या चेहऱ्यावर जातं. बघा जरूर, तुमच्या गावाचा एवढा तरी हक्क आहे, पण दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून बघा. जबरदस्त म्हणणारे आणि लाजिरवाणी म्हणणारे दोघंही एकाच मालिकेतल्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

प्रश्न (नागपूर) : आमच्याकडे ‘माइंड युअर लँग्वेज’ वरून घरात रोज वाद. आई-बाबा पोट धरून हसतात, माझी कॉलेजातली मुलगी म्हणते हे वंशवादी आहे, बंद करा. तुमचं मत?

वरच्या उत्तरातलाच डिनो शफीक इथे अली झालाय, म्हणजे गाडी आपोआप इकडे आलीच. १९७७ ला आयटीव्हीवर सुरू झालेली, लंडनमधला संध्याकाळचा वर्ग, देशोदेशीचे लोक इंग्रजी शिकायला येतात, मास्तर ब्राउन बिचारा शिकवून थकतो. तेव्हा तिकडे बघणारे भरपूर होते, तरी चॅनलच्या मायकेल ग्रेडने ती बंद केली ती याच कारणाने, की पात्रं म्हणजे नुसते साचे आहेत. म्हणजे तुमच्या मुलीचं मत आजचं नाही, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तिकडेच एका मोठ्या साहेबाला ते पटलं होतं.

मला तुमच्या मुलीचंही पटतं आणि आई-बाबा का हसतात तेही कळतं. परक्या भाषेत तोंड उघडताना आपली जी त्रेधा उडते ती आई-बाबांनी भोगलेली असते, ते सरदारजीला किंवा अलीला हसत नाहीत, स्वतःच्या पहिल्या इंटरव्ह्यूला हसतात. पण लिखाण म्हणून बघाल तर प्रत्येक भागात तेच, प्रत्येक जण आपल्या देशाचं लेबल लावून बसलाय, पहिल्या भागात जसा होता तसाच शेवटी. आणि वर्गात सगळ्यांत सुरक्षित कोण, तर गोरा मास्तर, त्याच्यावर हसू येतच नाही.

हीच कल्पना आपल्याकडे १९९३ ला दूरदर्शनवर ‘जबान संभालके’ म्हणून आली ना, पंकज कपूर मास्तर, तिथे बघा काय फरक पडला. वर्ग हिंदीचा, विद्यार्थी कोणी दक्षिणेतला, कोणी गुजराती, विजू खोटेंचा विठ्ठल बापूराव पोटे आपला मराठी माणूस, आणि इंग्रज म्हणून टॉम अल्टर. सगळेच एकमेकांवर हसतायत, वर बसलेलं कोणी नाही. साचे तिथेही आहेतच, पण हसणारे आणि हसू करून घेणारे एकाच बाकावर.

आणि मुलीला सांगा ‘गुडनेस ग्रेशस मी’ बघ. १९९८ ला बीबीसी टीव्हीवर आलेली, संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. तिकडच्या देशी मुलांनी स्वतः लिहिलेलं आणि केलेलं. त्यातला एक सीन तर तिकडे घराघरात पाठ आहे. शुक्रवारी रात्री दारू पिऊन इंडियन रेस्टॉरंटमध्ये जायचं, वेटरची टिंगल करायची आणि सगळ्यात तिखट काय ते मागवायचं ही इंग्रज पोरांची सवय, ती यांनी उलटी केली. मुंबईतलं इंग्लिश रेस्टॉरंट, आपली मंडळी झिंगून आलीयत, गोऱ्या वेटरचं ‘जेम्स’ एवढं सोपं नाव मुद्दाम वेडंवाकडं उच्चारतात, आणि विचारतात मेन्यूवर सगळ्यात बेचव काय आहे ते आण. एकही भाषण नाही, कोणाला दोष देणं नाही, दोन-चार मिनिटांत बाजू पलटली. आई-बाबा आणि मुलगी तिघांनाही एकत्र हसता येईल असं काही शोधत असाल तर ते हे.

प्रश्न (नागपूरचंच आणखी एक पत्र) : मग फॉल्टी टॉवर्समधला मॅन्युएल काय वेगळा आहे? तोही परदेशी, त्याच्याही इंग्रजीची टिंगलच, वर मारही खातो. तिथे तुम्हाला चालतं?

प्रश्न एकदम योग्य जागी लागलाय. चालतं, कारण तिथे चूक नेहमी बेसिलची निघते. मॅन्युएल सांगितलेलं मनापासून करतो, बेसिललाच सांगता येत नाही, वर स्वतःला स्पॅनिश येतं म्हणून फुशारकी मारतो आणि पॉलीला मधे पडावं लागतं. मार देणारा माणूस त्या घरातला सगळ्यात हरलेला माणूस आहे हे प्रत्येक भागात सिद्ध होतं. मॅन्युएल करणारा अँड्र्यू सॅक्स स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेला, वडील ज्यू, १९३८ मध्ये लहानपणीच जर्मनीतून पळून इंग्लंडला आलेला, परक्या देशात भाषा न येणं काय असतं ते त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी एक मान्य करते, स्पेनमध्ये मालिका दाखवताना मॅन्युएलला इटालियन करून टाकलं होतं, म्हणजे ज्याच्यावर हसायचं त्याच्या घरी जाऊन तोच विनोद सांगायचं धाडस तिथेही झालं नाहीच.

प्रश्न (स्लाऊ, इंग्लंड) : आम्ही मराठी कुटुंब इथे स्लाऊमध्ये राहतो, ‘द ऑफिस’ आमच्याच गावात घडते. माझे अमेरिकेतले चुलतभाऊ म्हणतात अमेरिकन ऑफिसच भारी, ब्रिटिश बघवत नाही, अंगावर येते. व्हॉट्सॲपवर भांडण मिटत नाहीये. निकाल द्या.

निकाल तुमच्या बाजूने, पण कारण ऐकून घ्या. रिकी जर्व्हेस आणि स्टीव्हन मर्चंटने २००१ ते २००३ मध्ये मिळून चौदा भाग केले, त्यातले शेवटचे दोन ख्रिसमसचे. अमेरिकन आवृत्ती २००५ ते २०१३ चालली, दोनशे एक भाग. दोनशे भाग एका माणसाबरोबर राहायचं तर तो प्रेक्षकाला आवडायलाच लागतो, म्हणून अमेरिकनांनी त्यांच्या ऑफिसातल्या बॉसला, मायकेल स्कॉटला, हळूहळू मऊ केलं, त्याच्या मूर्खपणाखाली सोन्यासारखं मन आहे वगैरे. छान आहे ती मालिका, सोबत म्हणून रोज रात्री जेवताना लावायला मीही तीच लावेन.

पण ब्रिटिश ऑफिसातल्या डेव्हिड ब्रेंटला कोणी मऊ करत नाही. कागद विकणाऱ्या कंपनीतला साधा मॅनेजर, डॉक्युमेंटरीवाल्यांचा कॅमेरा समोर आहे म्हणून स्वतःला एंटरटेनर समजतो. दुसऱ्या सीझनमध्ये देणगी गोळा करायच्या दिवशी नवीन बॉस चांगला नाचतो हे सहन न होऊन हा मधे उभा राहून विना-संगीताचा तो नाच करतो, तो बघताना तुमच्या चुलतभावांना जे होतं ते सगळ्यांनाच होतं, उशी तोंडावर घ्यावीशी वाटते. आणि मग त्याच सीझनच्या शेवटी त्याला कामावरून काढतात तेव्हा तो दोन साहेबांसमोर, आवाज फुटेनासा झालेला, मला काढू नका म्हणून विनवतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला कोणीही ऑफिसातला माणूस तिथे हसू शकत नाही. इतका वेळ ज्याच्यावर हसलो त्याच्या जागी आपण असू शकतो हे एका मिनिटात कळतं. अंगावर येते ही तक्रार नाही, तेच तिचं काम आहे.

प्रश्न (सातारा) : उभं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं. ‘येस मिनिस्टर’ बघताना वाटतं आमच्याच ऑफिसात कॅमेरा लावला होता. हे खरं ऐकून लिहिलंय की नुसती कल्पना?

बरंचसं ऐकून. अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी लिहिलं, आणि त्यांना आतल्या गोष्टी पुरवणाऱ्यांत पंतप्रधान हॅरल्ड विल्सनच्या जवळ काम केलेले बर्नर्ड डॉनह्यू आणि मार्शिया विल्यम्स होते. १९८० ते १९८४ येस मिनिस्टर आणि १९८६ ते १९८८ ‘येस प्राइम मिनिस्टर’. मंत्री जिम हॅकर कोणत्या पक्षाचा ते अख्ख्या मालिकेत कुठे सांगितलेलं नाही, म्हणून तर कोणालाही ती आपलीच वाटते. मार्गारेट थॅचर यांची तर इतकी आवडती की १९८४ मध्ये त्यांनी स्वतः मंत्री झालेल्या पॉल एडिंग्टन आणि सचिव झालेल्या नायजेल हॉथॉर्नबरोबर स्टेजवर एक छोटा प्रवेश केला.

तुम्ही सरकारी नोकरीतले, तेव्हा १९८१ चा हॉस्पिटलवाला भाग परत बघा. नवीन कोरं हॉस्पिटल, पाचशे कर्मचारी कामावर, पेशंट एकही नाही, आणि स्वच्छतेचं बक्षीस मिळालेलं. मंत्री विचारतो हे काय चाललंय, आणि त्याचा सचिव सर हम्फ्री त्याला इतक्या शांतपणे समजावतो की पेशंट नसले तरी केवढी कामं असतात, की ऐकता ऐकता आपल्यालाच पटायला लागतं! माझा जो हिशोब आहे ना, हसू कोणावर, तो इथे जरा अडखळतो, कारण हम्फ्री जवळजवळ नेहमी जिंकतो. पण तो जिंकतो तेव्हा हरतं कोण ते बघा, मंत्री नाही, तर ज्यांच्यासाठी ते हॉस्पिटल बांधलं ते लोक, आणि त्यांचा एकही माणूस त्या खोलीत नसतो. हिंदीत २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ आलं होतं, फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव, दोघंही उत्तम, मिळालं तर तेही बघा, मूळ पटकथेतलं किती आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडलं ते कळतं.

प्रश्न (सांगली) : जुन्या ब्रिटिश मालिकांत पाठीमागे ते हसण्याचे आवाज का? डोकं उठतं.

कारण समोर खरंच माणसं बसलेली असायची. स्टुडिओत प्रेक्षक बोलावून नाटकासारखं करायचे, तीन-चार कॅमेरे लावून, आणि बाहेर शूट केलेले तुकडे त्याच प्रेक्षकांना पडद्यावर दाखवून त्यांचं हसू घ्यायचे. बेसिल झालेला क्लीज किंवा डॅड्स आर्मीतला आर्थर लो हशा पुरता ओसरायच्या बरोबर आधी पुढचं वाक्य टाकतात ते कान देऊन ऐका, आपल्या रंगभूमीवरचे मुरलेले नट हेच करतात. एकदा ते लक्षात आलं की त्रास थांबतो.

प्रश्न (कोल्हापूर) : मी यातलं काहीच बघितलेलं नाही, मिस्टर बीन सोडून. कुठून सुरू करू? इंग्रजी बेताचं आहे.

बीन आवडत असेल तर अर्धं काम झालंय, रोवन ॲटकिन्सन तुमच्या ओळखीचाच आहे, त्याचीच ब्लॅकॲडर घ्या. पण पहिला सीझन सोडा, तो १९८३ चा, खर्च भरपूर, घोडे-किल्ले सगळं आणि लिखाण सैल. बीबीसीने हात आखडता घेतला, दुसऱ्या सीझनपासून बेन एल्टन लेखनात आला, सगळं स्टुडिओत चार भिंतींत आलं आणि मालिकेला धार चढली. शब्दांचे खेळ फार आहेत, सबटायटल लावूनच बघा, त्यात कमीपणा काही नाही, तिकडचेही लावतात. चौथा सीझन पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला, तो शेवटी ठेवा आणि त्याचा सहावा भाग एकट्याने बघा, हसवता हसवता तो कुठे नेतो ते मी सांगणार नाही.

घरात म्हातारी माणसं असतील तर डॅड्स आर्मी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गावाची राखण करणाऱ्या, बहुतेक म्हाताऱ्या स्वयंसेवकांची गोष्ट, त्यातला १९७३ चा जर्मन पाणबुडीच्या कैद्यांवाला भाग. जर्मन कॅप्टन वहीत नावं लिहून घेतोय, युद्ध जिंकलो की तुमचा हिशोब करीन म्हणतो. पोरगा पाइक हिटलरच्या टिंगलीचं गाणं म्हणतो, तर तो विचारतो तुझं नाव काय, आणि आपले कॅप्टन मॅनरिंग छाती काढून ओरडतात, “सांगू नकोस त्याला, पाइक!” याला सबटायटलही लागत नाहीत. फॉल्टी टॉवर्स सगळ्यात शेवटी बघा, रोज एक, बारा दिवस, आणि मग मला लिहा की पहिला नंबर कोणाचा. तेराव्या दिवशी ओन्ली फूल्स लावायला माझी हरकत नाही, कोथरूडकरांना आनंद होईल.